सिम्पसन कॉलेज, इंडियनोला: कार्व्हर जिथं चित्रं काढायला गेला

[चालत्या गाडीतून शेतं]

आयोवाची राजधानी डे मॉइन, तिथून दक्षिणेला गाडी काढली की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना हे असं सुरू होतं, मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन, मधेच एखादं धान्याचं कोठार, परत मका. आपल्याकडचं पोरगं पहिल्यांदा आलं तर त्याला वाटेल अमेरिकेत आलोय का लातूरच्या बाहेर फिरतोय.

मग इंडियनोला येतं. वस्ती साधारण सोळा हजार, मधे कोर्टाचा चौक, आणि चौकाच्या उत्तरेला थोडं चाललं की सिम्पसन कॉलेज. गेट वगैरे काही नाही, रस्ता चालता चालता कॉलेजात कधी शिरतो कळतच नाही.

[कॉलेज हॉल, खालून वर]

हा कॉलेज हॉल, १८६९ चा. कॉलेज त्याच्याही आधीचं, १८६०, म्हणजे अमेरिकेत यादवी सुरू व्हायची होती तेव्हा मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिश्चन पंथाच्या लोकांनी इथं एक शाळावजा सेमिनरी काढली, आणि नावातच लिहिलं होतं की मुलांसाठी आणि मुलींसाठी. नंतर बिशप मॅथ्यू सिम्पसन यांचं नाव दिलं. हे बिशप म्हणजे लिंकनच्या जवळचे, १८६५ मध्ये लिंकनचं दफन झालं तेव्हा भाषण यांचंच. मेथडिस्ट म्हटलं की आपल्याकडे पटकन काही डोळ्यापुढे येत नाही, पण पुण्याची हचिंग्ज शाळा माहितीये ना, ती मेथडिस्टांचीच. शाळा-कॉलेजं काढायची या मंडळींना पहिल्यापासून हौस. आणि घरचे विचारतीलच म्हणून सांगून टाकतो, इथं शिकायला मेथडिस्ट सोडा, ख्रिश्चनही असावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. विद्यार्थी किती, तर हजार-बाराशेच्या घरात. आपल्याकडे एका बऱ्यापैकी ज्युनिअर कॉलेजात याहून जास्त असतात. हे लिबरल आर्ट्स कॉलेज, पण लिबरल आर्ट्स म्हणजे नुसतं आर्ट्स नव्हे बरं का, फिजिक्स, बायो, कॉम्प्युटर, अकाउंट्स सगळं आहे, फक्त बारावीनंतर लगेच एका डब्यात बंद करत नाहीत. पहिलं वर्ष-दीड वर्ष इकडचं तिकडचं घ्या, इतिहास घ्या, पियानो घ्या, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवा. आपले पालक म्हणणार हा टाइमपास आहे. म्हणूनच पुढची गोष्ट जरा निवांत सांगतो.

[कार्व्हरचा जुना फोटो]

या माणसाला ओळखलंत. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, शेतीशास्त्रज्ञ. मराठीत त्याचं चरित्र इतकं वाचलं गेलंय की भुईमूग म्हटलं की कार्व्हर हे आपल्याला पाठच आहे, टस्कीगी, म्हणजे अलाबामातली काळ्या मुलांसाठीची ती संस्था जिथं त्यानं पुढे काम केलं, ती पण आठवते. पण हा माणूस आधी चित्रकार व्हायला निघाला होता, आणि ते इथं.

जन्म गुलामगिरीतला, मिसुरीतला. कॅन्ससमधल्या एका कॉलेजनं पत्रानं ॲडमिशन दिली आणि हा दारात उभा राहिल्यावर काळा आहे हे बघून परत पाठवला. मग काही वर्षं शिक्षणच बंद. जमीन घेऊन शेती करून बघितली, ती काही जमली नाही, फिरत फिरत आयोवात विंटरसेटला आला, तिथं एका हॉटेलात स्वयंपाकी. चर्चमध्ये मिलहॉलंड म्हणून एका जोडप्याशी ओळख झाली, त्यांच्या घरी येणंजाणं सुरू झालं, आणि त्यांनी त्याच्या मागे भुणभुण लावली की तू सिम्पसनला जा. विंटरसेट ते इंडियनोला चाळीसेक किलोमीटर, चालत आला म्हणतात. साल १८९०, वय पंचविशीच्या आसपास, बरोबरची पोरं त्याच्याहून लहान.

फी भरल्यावर खिशात उरले दहा सेंट. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. पाच सेंटचं मक्याचं पीठ आणि पाच सेंटची गाईची चरबी, आणि त्याच्यावर एक आख्खा आठवडा काढला. मग लॉन्ड्री सुरू केली. एका पडक्या खोपटात राहायचा, तिथंच टब, तिथंच इस्त्री, पोरं कपडे धुवायला घेऊन यायची आणि गप्पा मारत बसायची, बसायला काय तर खोकी. गोष्ट अशी सांगतात की एक दिवस हा वर्गातून परत आला तर खोलीत खुर्च्या-टेबल वगैरे येऊन पडलेलं, कुणी आणलं ते कुणी कबूल करेना. पुढे तो म्हणायचा की मीही माणूस आहे हे मला सिम्पसनमधल्या लोकांमुळे वाटायला लागलं.

[चित्राचा क्लोजअप, पानांच्या कडा]

शिकला काय, तर व्याकरण, गणित, गाणं, पियानो आणि चित्रकला. चित्रकलेच्या बाई एटा बड. यांना आधी खात्री नव्हती याला वर्गात घ्यावं का. मग त्याची चित्रं बघितली. बघा, ही नुसती शोभेची फुलं नाहीत, पान देठाला कुठं चिकटतं, काटा कुठून फुटतो, सगळं जागच्या जागी. बाईंच्या लक्षात आलं की हा झाडं काढतोय कारण याला झाडं कळतात. बाईंचे वडील आयोवातल्याच एम्स गावच्या शेतकी कॉलेजात फळबागांचे प्रोफेसर, म्हणजे आजची आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी. बाईंनी सांगितलं, चित्रांवर तुझं पोट भरणार नाही, काळ्या माणसाचं तर नाहीच, तू तिकडे जा. आज ऐकायला बोचतंच हे. पण १८९१ मध्ये तो एम्सला गेला, १८९४ ला पदवी, १८९६ ला मास्टर्स, आणि तिथून टस्कीगी. मधे १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचं युक्का आणि निवडुंगाचं चित्रही लागलं, म्हणजे ब्रश काही सुटला नव्हता.

म्हणजे सिम्पसनचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी तिथं वर्षभरच होता आणि त्याला दुसऱ्या कॉलेजात जा असं त्याच्याच बाईंनी सांगितलं. मला हे फार भारी वाटतं. सिम्पसननं १९२८ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली, आणि ही सायन्सची बिल्डिंग त्याच्याच नावाची.

[थिएटर, रिकाम्या खुर्च्या, मग तालीम]

शूट जुलैचं आहे, म्हणजे सुट्टी, त्यामुळे वर्ग आणि मेस फारसं दिसणार नाही, पण जुलैतच इथं ऑपेरा असतो. हो, मक्याच्या शेतात ऑपेरा. सिम्पसनचे संगीताचे प्रोफेसर रॉबर्ट लार्सन यांनी १९७३ मध्ये डे मॉइन मेट्रो ऑपेरा सुरू केला, नाव डे मॉइनचं पण खेळ होतात ते याच कॉलेजच्या थिएटरात. खुर्च्या फक्त ४६७. स्टेज प्रेक्षकांच्यात असं पुढं आलेलं, गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो, माईक नाही काही नाही. देशभरातले गायक उन्हाळाभर इथं येऊन राहतात.

[मैदान, फुटबॉलच्या पट्ट्या]

खेळ डिव्हिजन थ्रीचे, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, अभ्यास करून खेळायचं. आणि एक सांगायला हवं, याच राज्यातलं, याच पंथाचं, १८४२ पासूनचं आयोवा वेस्लेयन २०२३ च्या मे महिन्यात पैशाअभावी बंद पडलं, अमेरिकेत लहान कॉलेजांची एकूण ओढाताण चाललीये, तेव्हा अर्जाआधी कुठल्याही कॉलेजच्या जमाखर्चाची चौकशी करा.

[पहाटे, बलून आडवे पडलेले]

आणि हे. उन्हाळ्यात इंडियनोलात बलूनचा मोठा मेळा भरतो, बलूनचं म्युझियमसुद्धा आहे गावात. आधी कापड गवतावर लांबच लांब पसरतात, पंख्यानं गार हवा भरतात, टोकाला दोर धरून एक जण मागे रेलून उभा, मग बर्नर, प्रोपेनची ज्वाळा, आतली हवा तापली की आख्खा बलून हळूहळू उठून बसतो. उडतात ते सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, कारण दुपारी जमीन तापली की हवा वेडीवाकडी होते. खाली पिकअप घेऊन एक टोळी मागे पळत असते, कुणाच्या शेतात उतरेल त्याचा नेम नाही.

[कॉलेज हॉलच्या पायऱ्या]

आता फीचं. वेबसाइटवरचा आकडा बघून लॅपटॉप बंद करू नका, अमेरिकेतल्या खाजगी कॉलेजांत छापील फी वेगळी आणि स्कॉलरशिप वजा जाता भरायची वेगळी, बहुतेक मुलं छापील भरतच नाहीत. सरकारी मदत आपल्याला मिळत नाही, त्यामुळे जे काय मिळेल ते कॉलेजकडूनच, आणि आय-ट्वेंटीसाठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या कागदासाठी, बँकेत वर्षाचा खर्च दाखवावा लागतो तो वेगळाच. ॲडमिशनवाल्यांना मेल टाका, चारही वर्षांचा हिशोब लेखी मागा, राहणं-खाणं-इन्शुरन्स धरून. आणि पेटी, तबला, नाटक, गाणं काही करत असाल तर तेही लिहा, मेजर कॉम्प्युटरचा असला तरी संगीताची स्कॉलरशिप मिळेल का असं सरळ विचारा, लाजू नका.