समासातला मजकूर

मघाशी आत येताना तुम्हा सगळ्यांच्या हातात एक कोरा कागद दिला. काहींनी त्याचा पंखा केलेला दिसतोय, चालेल. आता तो उभा धरा. उजवीकडे चांगली चार बोटं जागा सोडा. वरही सोडा, कारण समोरचा माणूस मोठा असेल तर कागदाची कंजुषी करायची नसते. मग उजवीकडून डावीकडे लिहायला लागा. ओळ डाव्या टोकाला आली की शब्द एकमेकांच्या खांद्यावर चढतात आणि ओळीचं शेपूट वर वळतं. कागद तळापर्यंत भरला तरी दुसरा घ्यायचा नाही. हाच फिरवायचा आणि सोडलेल्या समासात तिरपं लिहायचं. समासही भरला की पुन्हा फिरवायचा आणि ओळींच्या मधे जिथे फट दिसेल तिथे शिरायचं. शेवटी सहीच्या जागी मोहोर, तीही पुष्कळदा कागदाच्या पाठीवर. मग घड्या घालून कागदाची बोटभर रुंदीची पट्टी करायची.

इराणवर राज्य करणाऱ्या काजार घराण्याच्या काळातलं, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकातलं, तेहरानच्या खानदानी घरातलं फारशी पत्र असं दिसतं. वाचणाऱ्यालाही ते हातात गोल गोल फिरवावं लागतं. लिपी शिकस्ता, म्हणजे शब्दशः ‘मोडलेली’. मोडी वाचणारे इथे दोघंतिघं आहेत, ते हसताहेत. त्यांना त्रास ठाऊक आहे.

या पत्रांत कामाचं बोलणं कुठे सुरू होतं ते शोधायला मी बरीच वर्षं शिकतोय. सुरुवातीला ते कधीच नसतं. सुरुवात होते ‘कुर्बानत शवम’ने किंवा ‘तसद्दुकत गर्दम’ने. पुस्तकी भाषांतर करायचं तर ‘मी तुझ्यासाठी बळी जावो’. पण ते भयंकर वाटतं. आपल्याकडे आजी नातवाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडते आणि ‘जीव ओवाळून टाकीन’ म्हणते, ते जास्त जवळचं. धाकट्यांना ‘नूरचश्मी’, डोळ्यांचा प्रकाश. आपण जसं तीर्थरूप आणि चिरंजीव लिहायचो तसंच. पत्राला रोजच्या बोलण्यात शब्द होता ‘कागज’: तुमचा कागद पोचला. पेशवाईतले कारकूनही ‘कागद पाठविला’ असंच लिहीत. दौत, कलम, लिफाफा, मोर्तब हा सगळा पसारा आपल्या दप्तरातही आहेच.

आता हे ओवाळून टाकणं नुसतं तोंडदेखलं होतं का? एक उदाहरण देतो, मग तुम्हीच ठरवा. नासिरुद्दीन शाह १८४८मध्ये गादीवर आला तेव्हा कोवळा पोरगा होता. राज्य चालवत होता त्याचा वजीर अमीर कबीर. स्वयंपाक्याचा मुलगा, पण दरारा असा की दरबारी चळचळा कापायचे. शाहने आपली सख्खी बहीण इज्जतुद्दौला त्याला दिली, म्हणजे हा नात्याने मेहुणाही झाला. हा मेहुणा शाहला कामकाजाच्या चिठ्ठ्या लिहायचा, त्यांचा मायना: ‘आपल्या मुबारक चरणधुळीवरून कुर्बान होईन’. जानेवारी १८५२मध्ये काशानजवळच्या फीन बागेतल्या हमामखान्यात शाहच्या हुकमाने त्याच्या शिरा कापण्यात आल्या. त्याला पदावरून घालवण्याच्या कारस्थानात शाहची आई, म्हणजे अमीरची सासूबाई, पुढे होती. आणि विधवा इज्जतुद्दौलाचं लग्न पुढे कुणाशी लावलं, तर अमीरच्या जागी आलेल्या वजिराच्या मुलाशी. त्या मायन्यातला ‘कुर्बान’ असा अक्षरशः खरा ठरलेला पाहिला की पत्रातला गोडवा वाचताना हात जरा आखडतो.

इथे एक अडचण सांगायला हवी, कारण ती प्रत्येक वाचणाऱ्याला छळते. या लोकांना नावाने कुणी हाक मारत नसे, हाक मारायची ती किताबाने. किताबाला त्यांच्याकडे शब्द ‘लकब’. तोच शब्द मराठीत येऊन ‘बोलण्याची, चालण्याची लकब’ झाला, ही आपली गंमत. हा लकब माणसाबरोबर मरत नसे, पुन्हा दिला जाई. अमीर कबीर आणि इज्जतुद्दौला यांची मुलगी पुढे शाहजादा मुजफ्फरुद्दीनला दिली, म्हणजे मामाच्याच मुलाला. तिच्या मुलीचा लकब काय? इज्जतुद्दौला! ही नात इज्जतुद्दौला पडली अब्दुल हुसेन मिर्झा फरमानफरमा या सरदाराच्या पदरी. फरमानफरमाच्या वडलांचं नाव फिरोझ, लकब नुसरतुद्दौला. त्याच्या थोरल्या मुलाचं नाव फिरोझ, लकब नुसरतुद्दौला. आणि मधल्या काळात खुद्द फरमानफरमाही काही वर्षं नुसरतुद्दौलाच होता. आता हातातल्या पत्रात ‘नुसरतुद्दौलांनी पैसे पाठवले नाहीत’ असं वाक्य आलं की बसा डोकं धरून. तारखेवरून ठरवावं म्हटलं, तर तारखेला वर्ष पुष्कळदा जनावराचं असतं: सापाचं वर्ष, घोड्याचं वर्ष, डुकराचं वर्ष. बारा वर्षांनी तोच साप पुन्हा.

या फरमानफरमाची बहीण नजमुस्सल्तना. आज बोलायचं आहे ते मुख्यतः हिच्याबद्दल.

१८९३ साल, म्हणजे सापाचं वर्ष धरा. भाऊ सुभेदारीच्या निमित्ताने दूर किरमानात, बहीण तेहरानात. बाई अंदरूनात, घराच्या आतल्या भागात राहणारी. दिवाणखाना बाहेर, ‘बीरूनी’त, पुरुषांचा. पण जमिनी तेहरानच्या आसपास, सावकार तेहरानात, दरबार तेहरानात आणि राजपुत्राला दिलेली आणखी एक बहीण तब्रीझच्या बाजूला. मग हे सगळं बांधून ठेवायचं कशाने? कागदाने. तिच्या पत्रांत ख्यालीखुशाली येते तशी गावांची, उत्पन्नाची, देण्याघेण्याची, सोयरिकींची बोलणी येतात, आणि दरबारात कुणाचं पारडं वर गेलं आणि कुणाचं बसलं तेही येतं. आपल्याकडे धान्याची खंडी तसं तिकडे खरवार, गाढवाचं ओझं, साधारण तीनशे किलो. ओवाळून टाकलेल्या जिवानंतर दोन ओळींनी खरवार आले की समजायचं, बाई मुद्द्यावर आल्या.

आणि बाई साध्यासुध्या नव्हत्या. तीन लग्नं झाली. दुसरा नवरा मिर्झा हिदायतुल्ला, सरकारी हिशेबखात्याचा वजीर. त्या घरी हिशेबाची सियाक लिपी पिढ्यान्‌पिढ्यांची, आकड्यांची अशी की बाहेरच्याला डुगडुगत्या माश्या दिसाव्यात. १८९२मध्ये तो गेला तेव्हा त्यांचा मुलगा दहा वर्षांचा होता. त्या मुलाचं नाव सांगतो थोड्या वेळाने.

कुणी म्हणेल, ही बाई अपवाद असेल. म्हणून तुमच्या ओळखीच्या गावातली एक दाखवतो. नगर रोडवरचा आगाखान पॅलेस सगळ्यांनी पाहिलाय. तो १८९२मध्ये बांधणारे तिसरे आगाखान, त्यांची आई शम्सुल्मुलूक ही काजार शाह फतह अलीची नात. १८८५मध्ये नवरा गेला तेव्हा मुलगा सात वर्षांचा. मुंबईत बसून पडद्याआडून त्या अफाट कारभारावर नजर ठेवली ती हिनेच. तेहरान काय, मुंबई काय, शाळा एकच.

टपालाचं थोडक्यात सांगून टाकतो. पूर्वी नोकर किंवा चापार, म्हणजे टप्प्यांवर घोडे बदलत जाणारा जासूद, पत्र नेई. १८७०नंतर एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने टपालखातं बसवलं आणि १८७७मध्ये इराण जागतिक टपाल संघात गेला. तार त्याच्याही आधीची, १८६०च्या दशकातली, आणि ती मुख्यतः इंग्रजांना हिंदुस्थानाशी बोलायचं होतं म्हणून. पण तारेला समास नसतो. तार शब्दांवर पैसे घेते, तिथे ‘कुर्बानत शवम’ परवडत नाही, आणि तारमास्तर सगळं वाचतो. त्यामुळे नाजूक गोष्ट अजूनही घडीच्या कागदातच राहिली.

१९२५ सालाने या पत्रांचा पायाच काढून घेतला. मार्चमध्ये कायद्याने जनावरांची वर्षं रद्द, मे महिन्यात लकब रद्द आणि प्रत्येकाला आडनाव घेण्याची सक्ती, ऑक्टोबरात काजारांचं राज्यच खालसा. त्याच वर्षी इथे पुण्यात माधव जूलियनांचा फारशी-मराठी कोश निघाला. तिकडे शब्दांचे मालक चालले होते आणि इकडे आपण शब्द मोजून ठेवत होतो. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही.

नजमुस्सल्तनाबाई मात्र तेव्हाही थांबल्या नव्हत्या. १९२८मध्ये त्यांनी तेहरानात स्वतःच्या मालमत्तेतून इस्पितळ उभं केलं आणि वक्फ करून टाकलं. नाव नजमिया. हिदायतुल्लांपासून झालेल्या मुलाला आता लकबाऐवजी आडनाव होतं: मोसद्देक. होय, तोच, तेलाचं राष्ट्रीयीकरण करणारा आणि १९५३मध्ये उलथवला गेलेला पंतप्रधान. तीन वर्षं तुरुंग आणि मग तिकडच्याच अहमदाबाद नावाच्या स्वतःच्या गावात नजरकैद. शेवटच्या आजारात त्याला तेहरानला आणलं, आणि ५ मार्च १९६७ला तो गेला तो आईच्या त्या इस्पितळात.