फिल्टर बदलताना जिवाणूंचं बिऱ्हाड हलवणं

माशांच्या टाकीसाठी नवा फिल्टर घेताना आपण मोटर किती ताकदीची, ताशी किती लिटर पाणी फिरवते, आवाज किती करते, हे सगळं विचारतो. जुन्या फिल्टरमधल्या त्या कळकट स्पंजचं काय करायचं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मासे दगावतात ते नेमके तिथे. खरं तर तो स्पंज हाच तुमचा फिल्टर आहे. बाकी सगळा नुसता डबा आणि पंप.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया येतो, माशांना मारक असलेला. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. या दुसऱ्या कामाचं श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला मिळायचं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते नायट्रोस्पिरा करतात, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आपल्या कामाची गोष्ट अशी, की हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून, बुळबुळीत थरात राहतात. पाण्यात मोकळे असतात ते फारच थोडे. त्यामुळे ‘पाणी जुनंच ठेवलंय’ यात काही दिलासा नाही. शिवाय त्यांची वाढ संथ. अनेक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना सगळं अनुकूल असतानाही बरेच तास, कधी दिवसभर लागतो. म्हणून एकदा घालवलेली वसाहत परत उभी राहायला महिना-दीड महिना जातो.

आता प्रत्यक्ष बदल. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे जुन्या फिल्टरमधले स्पंज, सिरॅमिक रिंग, जो काही जिवाणू धरून ठेवणारा माल आहे तो सगळा नव्यात टाकायचा. स्पंज बसत नसेल तर कात्रीने कापा, जिवाणूंचं काही बिघडत नाही. रिंग जाळीच्या पिशवीत भरा. आधी टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा हलके पिळा, गाळ जाईल एवढंच. पांढराशुभ्र करायचा नाही. नळाखाली तर मुळीच धरायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं. जुना माल ठेवायचा तो पाण्याच्या वाटेत जाड, खरखरीत स्पंजच्या लगेच नंतर: तिथे गाळ अडलेला असतो आणि पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. नवा माल त्याच्यानंतर.

हे सगळं तासाभरात उरकतं. मधल्या वेळेत जुना माल टाकीच्या पाण्यात बुडलेला असावा, आणि भांडं उघडं. जास्त वेळ लागणार असेल तर त्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. झाकणबंद डब्यात किंवा गाठ मारलेल्या पिशवीत हे जिवाणू गुदमरतात. अमोनियाच्या रूपातला एक ग्रॅम नायट्रोजन पचवायला त्यांना साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. बंद पडलेला कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा झाकणबंद डब्याचा) काही तासांनी नुसता चालू करणं म्हणूनच धोक्याचं. आत साचलेलं घाण पाणी सरळ टाकीत येतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते पाणी ओतून द्या, माल टाकीच्या पाण्यात खळबळा, मगच मोटर लावा.

दुसरा मार्ग दोन्ही फिल्टर चार ते सहा आठवडे एकत्र चालवण्याचा. जुना माल नव्यात बसतच नसेल तर हाच. पण यात एक मेख आहे. टाकीत अमोनिया तेवढाच असतो, म्हणजे शिधा तेवढाच. जुन्या फिल्टरमध्ये खाणारी तोंडं आधीपासून आहेत, त्यामुळे नव्यात वसाहत होते ती अपुरी. सहा आठवडे झाले म्हणून जुना एका दिवसात काढला, तर पचवण्याची ताकद तेवढ्यापुरती घटतेच. आधी जुन्यातला निम्मा माल काढा, आठवडाभर चाचणी करा, अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे शून्य राहिले तर उरलेला काढा.

जुना स्पंज टाकीत पिळून ‘बी टाकणं’ हा प्रकार फार लोकप्रिय आहे. त्यातून गाळ खूप पडतो, जिवाणू थोडे. बाटलीतले जिवाणू घालायचे तर घाला, पण भरलेल्या स्पंजची सर त्यांना नाही.

बदलाच्या दिवशी आणि पुढचे पंधरा दिवस वाळू उपसणं, काच घासणं, नवे मासे, अँटिबायोटिक, सगळं टाळा. खाद्य निम्म्यावर आणा. अमोनिया आणि नायट्राइट पहिला आठवडा रोज तपासा, नंतर दिवसाआड. अमोनियाचा आकडा पीएचसोबत वाचायचा: २५ अंशांवर पीएच ७ असेल तर त्यातला विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या पुढे जातो. एका टाकीत निभावलेला आकडा दुसऱ्या टाकीत मारक ठरतो, तो यामुळे.

आकडा वर गेलाच तर २५ ते ५० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं, आणि हवा वाढवा. नायट्राइट चढलं असेल तर लिटरला एक ग्रॅमपर्यंत साधं मीठ उपयोगी पडतं, कारण त्यातलं क्लोराइड कल्ल्यांत नायट्राइटची वाट अडवतं. मीठ न सोसणारे मासे किंवा नाजूक वनस्पती असतील तर फक्त पाणी बदला.

तळाच्या वाळूखालचा फिल्टर काढणाऱ्यांनी जास्तच जपावं. तिथे वसाहत वाळूतच असते. एका वेळी पाव भागच वाळू काढा, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, आणि त्यातली मूठभर जाळीत बांधून नव्या फिल्टरमध्ये ठेवा.

नव्या फिल्टरमध्ये हलवलेला जुना स्पंज तुकडे पडेपर्यंत चालवा. सिरॅमिक रिंग तर भुगा होईपर्यंत बदलायचं कारण नाही. बदलायची वेळ आलीच तर एका वेळी एक तृतीयांश, आणि दोन खेपांमध्ये महिना.