जनरल केनी: ज्याने बॉम्बर विमानं समुद्राला टेकवली

नमस्कार मंडळी. पॅसिफिकचं युद्ध म्हटलं की आपल्याला पर्ल हार्बर, मिडवे, हिरोशिमा एवढंच आठवतं, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचं न्यू गिनी बेट कोणालाच आठवत नाही. आज तिथे लढलेल्या एका माणसाबद्दल बोलायचंय, अमेरिकन हवाई दलाचा जनरल जॉर्ज केनी. हा माणूस मला मनापासून आवडतो, आणि एका ठिकाणी अजिबात आवडत नाही. दोन्ही सांगतो.

ऑगस्ट १९४२. केनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला येऊन तिथल्या मित्रराष्ट्रांच्या फौजांचा प्रमुख जनरल मॅकआर्थर, त्याच्या हवाई दलाची सूत्रं हातात घेतो आणि बघतो तर काय, विमानं निम्मी नादुरुस्त, सुटे भाग नाहीत, पोरं मलेरियाने आणि आमांशाने बेजार, आणि त्यात मॅकआर्थरचा चीफ ऑफ स्टाफ सदरलँड, जो पायलट लोकांना कसं उडायचं ते सांगायचा. केनीने स्वतःच नंतर सांगितलेला किस्सा आहे, त्याने कोऱ्या कागदावर पेन्सिलने एक ठिपका काढला आणि म्हणाला, हवाई युद्धाबद्दल तुम्हाला एवढं कळतं, उरलेला कागद माझा. त्यानंतर सदरलँडची ढवळाढवळ बरीच कमी झाली.

पण खरा प्रॉब्लेम वेगळाच होता. जहाजांवर बॉम्ब लागतच नव्हते! वीस हजार फुटांवरून टाकलेला बॉम्ब खाली यायला अर्धा मिनिट तरी लागतो, तेवढ्यात जहाज वळतं, आणि बॉम्ब पाण्यात. मग केनीच्या लोकांनी काय केलं, लहानपणी आपण तळ्यावर चपटा दगड तिरका मारून टप्पे काढायचो ना, अगदी तसंच, विमान पार खाली, दोनशे फुटांच्या आसपास आणायचं, बॉम्ब पाण्यावर टप्पा खात जहाजाच्या कुशीत जातो, आणि फ्यूज चार-पाच सेकंदांनी पेटतो, तेवढ्यात विमान पुढे निघून गेलेलं. न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्स्बीजवळ खडकावर अडकलेल्या एका जुन्या जहाजाच्या सांगाड्यावर ह्याची प्रॅक्टिस चालायची.

एवढ्या खाली गेलं की जहाजावरच्या तोफा सोडतील का? त्यावर तोड काढली पॅपी गन नावाच्या अधिकाऱ्याने. आधी नेव्हीत होता, बायको आणि चार मुलं मनिलात जपान्यांच्या कैदेत. त्याने बी-२५ बॉम्बर विमानाच्या नाकातला बॉम्ब टाकणाऱ्याचा काचेचा भाग बंद करून तिथे मशीनगन बसवल्या, बाजूला आणखी, एकूण आठ गन समोर तोंड करून. कारखान्याने असलं विमान बनवलंच नव्हतं, हे धावपट्टीच्या कडेला झालं, आणि केनीचं मोठेपण हे की त्याने ते होऊ दिलं.

सगळेच राजी होते असं नाही. बॉम्बर कमांडचा प्रमुख केनेथ वॉकर उंचावरून, शिस्तीत बॉम्ब टाकण्याच्या मताचा. केनीने मनाई केली होती तरी ५ जानेवारी १९४३ ला तो स्वतः राबौल ह्या जपानी तळावरच्या हल्ल्यात गेला आणि परत आलाच नाही. त्याचं विमान आजही सापडलेलं नाही. मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं.

मग मार्च आला. राबौलहून न्यू गिनीतल्या लाएकडे निघालेली आठ मालवाहू जहाजं, आठ विनाशिका, जवळपास ६,९०० जपानी सैनिक. ३ मार्चला सकाळी ऑस्ट्रेलियन ब्यूफायटर लढाऊ विमानं खालून गोळ्या झाडत घुसली, वर मोठे बॉम्बर, मागून पॅपीची बी-२५. आठही मालवाहू बुडाली, चार विनाशिका बुडाल्या, लाएला पोचले साधारण १,२०० जण.

आता मला खुपतं ते. पुढचे काही दिवस पाण्यात तरंगणाऱ्या, होड्यांतल्या माणसांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. कारण दिलं की ती किनाऱ्याला लागली तर पुन्हा लढतील. मला ते पटत नाही, तुम्ही कमेंटमध्ये सांगा.

आणि दुसरं, मॅकआर्थरच्या पत्रकात आकडा गेला बावीस जहाजं, पंधरा हजार सैनिक. त्याच वर्षी वॉशिंग्टनने कागदपत्रं तपासली, जहाजं सोळाच होती. दुरुस्ती करा म्हटलं तर मॅकआर्थर आणि केनी दोघांनीही साफ नकार दिला. ज्या केनीने वैमानिकांचं ऐकून बॉम्ब टाकायची पद्धतच बदलली, त्याने हा आकडा मात्र बदलला नाही.