हायवेवरची मोटेल आणि तिथे थांबणारी माणसं

नमस्कार मंडळी! आपल्याकडे हायवेवर मोटेल म्हटलं की मिसळ, चहा, बाथरूमची रांग आणि दारात चिक्कीवाला, खोल्या बहुतेक नसतातच. पण आज बोलूया अमेरिकेतल्या मोटेलवर, म्हणजे गाडी थेट खोलीच्या दाराशी लावायची, झोपायचं आणि सकाळी पुढे निघायचं.

असलं पहिलं मोटेल १९२५ ला कॅलिफोर्नियात सान लुइस ओबिस्पोला निघालं, भाडं रात्रीचं सव्वा डॉलर. सोय छानच, फक्त ती सगळ्यांना नव्हती. काळ्या लोकांना कित्येक ठिकाणी खोलीच द्यायचे नाहीत, म्हणून १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ नावाची पुस्तिका निघायची, कुठे थांबता येईल ते सांगणारी, नाहीतर मग पोराबाळांसकट रात्र गाडीतच काढा. १९६४ ला भेदभावाविरुद्ध कायदा झाला तर अटलांटातलं एक मोटेल थेट सुप्रीम कोर्टात गेलं, की आम्ही कुणाला खोली द्यायची ते आम्ही ठरवणार! हरलं, आणि बरंच झालं. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६८ ला गोळी लागली तीही मेम्फिसच्या लोरेन मोटेलच्या बाल्कनीत, ३०६ नंबरच्या खोलीबाहेर. तिथे आता म्युझियम आहे.

आणि काउंटरवर कोण? बहुतेक वेळा आपले गुजराती पटेल! नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन मोटेल घ्यायचं, ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायचं म्हणजे घरभाडं वाचलं, चादरी बदलणं, संडास धुणं, रात्री दोनला गिऱ्हाईक आलं की उठणं, सगळं घरच्यांनीच, पोरं शाळेतून आली की तीही कामाला.

आता तर काही खोल्यांमध्ये अख्खी कुटुंबं राहतात, कारण फ्लॅटला डिपॉझिट लागतं, क्रेडिट स्कोअर बघतात, इथे आठवड्याचे पैसे दिले की चावी हातात. महिन्याचा हिशेब केला तर ते कधीकधी फ्लॅटपेक्षा महाग पडतं, पण एकरकमी पैसे आणायचे कुठून? स्वयंपाक काय तर मायक्रोवेव्हवर. त्यात कॅलिफोर्नियात तीस दिवसांहून जास्त राहिलं की भाडेकरूचे हक्क लागू होतात, म्हणून काही मालक २८ व्या दिवशीच सांगतात, सामान उचला, आणि एकदोन दिवसांनी पुन्हा नव्याने चेक-इन करा. हे बेकायदा आहे बरं का, तरी चालतं.