गालातली मोड

मंडळी, ग्रीक नाणं म्हटलं की अथेन्सचं ते घुबडछाप आठवतं, चांदीचं, जाडजूड. आज मी बोलणार आहे चिल्लरीबद्दल.

अथेन्सचा द्राख्मा साधारण ४.३ ग्रॅम चांदीचा. हाच शब्द 'द्रम्म' होऊन शिलाहारांच्या लेखांत भेटतो, आणि झिजून झिजून 'दाम' म्हणून आपल्या तोंडी आहे. एका द्राख्माचे सहा ओबोल. ओबोलचेही तुकडे होत, पार अष्टमांशापर्यंत. त्या नाण्याचं वजन ०.०९ ग्रॅम! तांदळाचे चार-पाच दाणे हातावर घ्या, तेवढंच. बाजाराच्या गर्दीत हे सांभाळायचं कसं? आपला माणूस कनवटीला लावेल. अथेन्सचा माणूस गालात धरायचा. तिथला विनोदी नाटककार अॅरिस्टोफेनिस, त्याच्या एका नाटकात म्हातारा कुरकुरतो : सोबत्यानं मासळीबाजारात द्राख्मा मोडला आणि ओबोल म्हणून माशाचे तीन खवले माझ्या हातावर ठेवले. मी आपले तोंडात टाकले. वास आला तेव्हा कळलं!

सिसिलीतल्या ग्रीक नगरांनी इ.स.पू. पाचव्या शतकातच यावर काशाच्या नाण्यांचा तोडगा काढला. मोल कळावं म्हणून त्यांवर ठिपके. काळ्या समुद्राकाठच्या ओल्बियात तर चक्क डॉल्फिनच्या आकाराची नाणी ओतत. अथेन्सला मात्र चांदीचा तोरा. काशाची नाणी वापरा, असं तिथल्या डायोनिसियस नावाच्या कवीनं सुचवलं, तर त्याला 'खाल्कूस' हेच नाव चिकटलं. खाल्कूस म्हणजे काशाचा.

मग युद्धानं तोरा उतरवला. इ.स.पू. ४१३ मध्ये शत्रू स्पार्टानं अथेन्सजवळच्या डेकेलियात तळ ठोकला, वीस हजारांहून जास्त गुलाम पळाले, अथेन्सच्या लॉरियन इथल्या चांदीच्या खाणी थंडावल्या. ४०६ च्या सुमारास अथेन्सनं नाणी पाडली ती आत तांब्याची, वर चांदीचा मुलामा. पुढे ती रद्द झाली. पुन्हा अॅरिस्टोफेनिस : एकजण द्राक्षं विकून, गाल भरून ही नाणी घेऊन जवाचं पीठ आणायला निघतो. पिशवी पुढे करतो न करतो तोच दवंडी, यापुढे चांदीच चालेल! (हसताय तुम्ही. २०१६ ची रांग आठवली ना?)

आता टिमोथियस बघा. हाही अथेन्सचाच सेनापती. उत्तर ग्रीसमधल्या ऑलिंथस नगराविरुद्धच्या मोहिमेत, इ.स.पू. ३६० च्या दशकात, याच्याकडे चांदी संपली. यानं काशाची नाणी पाडून सैनिकांना पगार दिला. सैनिक भडकले. पण यानं व्यापाऱ्यांशी आधीच बोलणं केलं होतं : ही नाणी घ्या, त्यांतूनच इथला माल आणि लूट विकत घ्या, आणि उरतील ती माझ्याकडे आणा, बदल्यात चांदी देतो. मुलामा नाही, लपवाछपवी नाही. मला तर हा माणूस अर्थमंत्री म्हणून चालला असता.

त्याच शतकात अथेन्सनंही सरळ काशाचे खाल्कूस पाडले. आठांचा एक ओबोल. ते चार-पाच तांदळांएवढं नाणं आता बोटांत धरता येऊ लागलं.