गुन्हा सुटतो तेव्हा

(दृश्य: तळघरात उतरणारा जिना. लोखंडी मांडणीवर एकावर एक रचलेली खोकी. हळूहळू एका फायलीवर कॅमेरा स्थिरावतो.)

हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयाचं हे तळघर. १९८०च्या दशकात जॉन लॉब नावाचा एक तरुण संशोधक इथे उतरला, तेव्हा इथल्या खोक्यांमध्ये एक हजार मुलग्यांचं बालपण कागदांवर पडून होतं.

शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने १९४०च्या सुमारास ही मुलं निवडली होती. ५०० मुलं सुधारगृहात धाडलेली. उरलेली ५०० त्याच वयाची, तशाच गरीब वस्त्यांत वाढलेली, पण गुन्हेगारीच्या वाटेला न गेलेली. त्यांच्या घरी जाऊन, आईवडिलांशी आणि शिक्षकांशी बोलून बारीकसारीक नोंदी केल्या होत्या. बाप पितो का, आई घरी असते का, मुलाला मार किती बसतो, अंथरूण किती जणांत वाटलेलं आहे. मुलं बत्तीस वर्षांची होईपर्यंत हे काम चाललं. मग कागद तळघरात गेले.

लॉब आणि त्याचा सहकारी रॉबर्ट सॅम्प्सन यांनी ते वर आणले, संगणकावर चढवले, आणि पुढे एक अवघड काम अंगावर घेतलं. सुधारगृहातल्या त्या ५०० मुलांचा माग त्यांनी सत्तराव्या वर्षापर्यंत काढला. पोलिसांच्या नोंदी पाहिल्या, मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. त्यांतल्या ५२ जणांना शोधून काढून, म्हातारपणी समोर बसवून, त्यांच्याच तोंडून त्यांचं आयुष्य ऐकलं.

(दृश्य: सुरकुतलेले हात, टेबलावर ठेवलेला टेपरेकॉर्डर.)

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो. या नोंदी सांगतात की जाते. कुणाची विशीत गेली, कुणाची चाळिशीत, काहींची त्याहून उशिरा. पण वय वाढलं तसे जवळजवळ सगळ्यांचे गुन्हे कमी होत गेले आणि बहुतेकांचे थांबले. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कुणाचे गुन्हे कधी थांबतील हे त्यांच्या बालपणावरून ओळखता आलं नाही. सगळ्यात वाईट परिस्थितीत वाढलेल्या मुलांतलेही बहुतेक थांबले.

वयाचा हा उतार नवा नाही. बेल्जियमचे सांख्यिकी-अभ्यासक अडॉल्फ केतले यांनी तो १८३१ साली फ्रान्सच्या आकड्यांत दाखवला होता. किशोरवयात आलेख झरझर चढतो, विशीच्या आसपास शिखर गाठतो आणि मग घसरतो. केतले यांना आकडे दिसले होते. सॅम्प्सन आणि लॉब यांना त्या उतारावरून चालत आलेली माणसं भेटली.

आणि ती कशी थांबली? ‘मी सुधारणार’ अशी शपथ घेऊन थांबलेले थोडेच. बहुतेकांच्या सांगण्यात लग्न होतं, सैन्यातली भरती होती, एखादी टिकलेली नोकरी होती. घरी कुणी वाट पाहणारं आलं, संध्याकाळ त्या जुन्या नाक्यावर जाईनाशी झाली, आणि काही वर्षांनी मागे वळून पाहिलं तर चोरी सुटलेली होती. एकाच माणसाची लग्नातली वर्षं आणि बिनलग्नाची वर्षं शेजारी ठेवून त्यांनी हिशोब केला, तेव्हा लग्नाच्या काळात गुन्ह्याची शक्यता सरासरी ३५ टक्क्यांनी कमी दिसली.

माणसाला धरून ठेवणारे हे धागे आहेत. ते मनात ठेवून आता आपण न्यायव्यवस्थेकडे वळूया. कारण अटक, खटला, तुरुंग यांतली प्रत्येक गोष्ट या धाग्यांना हात लावते. काही वेळा त्यांना तोडते, काही वेळा नवे विणते. कधी काय होतं हे गेल्या काही दशकांत मोजता येऊ लागलंय.

(दृश्य: न्यायालयाची रिकामी खोली. घड्याळ.)

आधी धाकाबद्दल. शिक्षा कठोर करा, गुन्हे कमी होतील, हे वाक्य कुठल्याही भीषण घटनेनंतर ऐकू येतं आणि त्यामागचा संताप खरा असतो. पण १७६४ साली मिलानच्या चेझारे बेक्कारिया यांनी लिहून ठेवलं होतं की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. त्यांच्या हाती आकडे नव्हते. आता आहेत. फ्लोरिडात अठरा वर्षं पूर्ण झाली की प्रौढांचा कायदा लागू होतो आणि त्याच गुन्ह्याला मिळणारी शिक्षा एका दिवसात कितीतरी मोठी होते. संशोधकांनी अठराव्या वाढदिवसाच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे तपासले. शिक्षेचा आलेख तिथे उडी मारतो. गुन्ह्यांच्या आलेखात जेमतेम फरक पडतो. रागाच्या किंवा हव्यासाच्या भरात असलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा कायद्याची कलमं मोजत बसत नाही. आपण पकडले जाऊ का, एवढंच फार तर त्याच्या मनात येतं.

न्यूयॉर्कमधली एक साधी गोष्टही इथेच सांगायला हवी. किरकोळ गुन्ह्यांसाठी तिथे पोलीस समन्सचा कागद हातात देतात. दहातले सुमारे चार जण तारखेला यायचेच नाहीत, मग वॉरंट निघायचं, आणि क्षुल्लक प्रकरणातून अटकेची वेळ यायची. ही माणसं कायद्याला जुमानत नाहीत, असा सर्वसाधारण समज. संशोधकांनी कागदाची मांडणी बदलली, तारीख आणि ठिकाण वर ठळक आणलं. गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. तारखेची आठवण करून देणारे मेसेज मोबाईलवर पाठवले, तेव्हा २१ टक्क्यांनी घटली. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. आपण ज्याला मुजोरी म्हणत होतो, त्यातला मोठा हिस्सा विसरण्याचा होता. एका कागदाच्या मांडणीपायी किती जण कोठडीत गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

(दृश्य: तुरुंगाचं जाड दार. बाहेर रांगेत उभी मुलं.)

१९७०च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांनी एक उपक्रम सुरू केला. वाट चुकणाऱ्या मुलांना आत आणायचं आणि तुरुंगातलं आयुष्य त्यांच्या अंगावर ओरडून, शिव्या देऊन, धमकावून सांगायचं. हेतू प्रामाणिक होता. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि हा उपक्रम अमेरिकेत जागोजागी पसरला.

पुढे अशा उपक्रमांच्या ९ काटेकोर चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. त्या चाचण्यांत कुणाला तुरुंग दाखवायचा आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, योगायोगावर ठरवलेलं होतं. निष्कर्ष सरळ होता. तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी, न गेलेल्या मुलांपेक्षा, पुढे जास्त गुन्हे केले. आम्हीही माहितीपटच करतो आहोत, म्हणून हे सांगणं आमच्यावर बंधनकारक आहे: पडद्यावर रडणारा मुलगा बदलला आहे, याचा तो पुरावा नसतो.

पण याहून जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट प्रेमाने दिलेल्या मदतीची आहे.

१९३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत ५०६ मुलगे निवडले गेले. डॉ. रिचर्ड कॅबट यांची ती कल्पना. एकसारख्या मुलांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतल्या कुणाला मदत मिळणार हे नाणेफेकीने ठरवलं. त्या मुलाकडे समुपदेशक घरी यायचा, शिकवणी लावायचा, दवाखान्यात न्यायचा, उन्हाळ्यात शिबिराला पाठवायचा. काही वर्षं हे चाललं. यापेक्षा चांगलं आणखी काय करता येईल?

तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधिकेने ती मुलं, म्हणजे आता प्रौढ झालेले पुरुष, चिकाटीने शोधून काढले. मदतीने आपलं भलं झालं, असं मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी सांगितलं. समुपदेशकांची नावं त्यांना आठवत होती, आठवणी गोड होत्या. नोंदी मात्र उलटं बोलत होत्या. मदत मिळालेल्यांत पुन्हा पुन्हा गुन्हे करणारे जास्त निघाले, दारूच्या आहारी गेलेले जास्त, गंभीर मानसिक आजाराचे जास्त. ते मेलेही लवकर.

मकॉर्ड यांनी १९७८ साली हे छापलं. असं सत्य छापायला धैर्य लागतं. चांगलं काम करणाऱ्यांचा रोष ओढवून घ्यावा लागतो. पुढे त्यांनीच आणखी खणलं, तेव्हा एक धागा हाती आला. सर्वाधिक नुकसान झालं होतं ते उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठवलेल्या मुलांचं. वाट चुकू पाहणारी मुलं एका ठिकाणी कोंडली, आणि ती एकमेकांची प्रेक्षक झाली. फुशारकीला टाळ्या मिळाल्या. सुधारगृह उघडताना, मुलांना ‘गटाने’ समुपदेशन देताना ही जुनी गोष्ट आजही आठवावी लागते.

(दृश्य: शहरातला रस्ता, पोलिसांची गाडी. निळा प्रकाश भिंतीवर फिरतो.)

मिलवॉकी शहर, १९८७. घरात बायकोला मारहाण झाल्याची तक्रार आली तर अटक करावी की समज द्यावी? आधी मिनियापोलिसमधल्या प्रयोगात अटकेने मारहाण कमी झाल्याचं दिसलं होतं आणि त्यावरून अमेरिकेत ठिकठिकाणी सक्तीच्या अटकेचे नियम आले होते. मिलवॉकीत लॉरेन्स शर्मन यांनी तेच पुन्हा तपासलं. ज्याला नोकरी होती, तो अटकेनंतर बिचकला. ज्याला नव्हती, तो अटकेनंतर आणखी हिंसक झाला. गमावण्यासारखं काही असलं तरच धाक काम करतो. इथे पुन्हा ते धागे.

तेवीस वर्षांनी शर्मन यांनी त्या प्रयोगातल्या पीडित स्त्रियांच्या मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण समज दिलेल्यांच्या तुलनेत ६४ टक्क्यांनी जास्त होतं. बहुतेक मृत्यू खुनाने नव्हेत, आजारांनी झालेले. याचा अर्थ मारणाऱ्याला मोकळं सोडावं असा मी लावत नाही. पण पीडितेच्या नावाने आपण जे करतो ते तिच्यापर्यंत कसं पोहोचतं, हे तिच्याकडे जाऊन पाहिलंच पाहिजे.

तसं पाहिलं गेलं तेव्हा काय दिसतं? गुन्हेगार आणि पीडित यांना, दोघांची संमती घेऊन, प्रशिक्षित मध्यस्थाच्या उपस्थितीत समोरासमोर बसवण्याच्या १० चाचण्यांचा आढावा २०१३ साली आला. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण थोडं घटलं होतं. पीडितांना मिळालेलं समाधान मात्र ठळक होतं. ‘मीच का?’ हा प्रश्न न्यायालयात विचारायला जागाच नसते. इथे तो विचारता येतो आणि उत्तर देणारा समोर बसलेला असतो.

(दृश्य: सरकारी वकिलांच्या कचेरीचा जिना, मग बर्फात उभी असलेली एक इमारत.)

बॉस्टनच्या परिसरात किरकोळ, अहिंसक गुन्ह्याची फाईल कोणत्या सरकारी वकिलाकडे जाईल हे बऱ्याच अंशी योगायोगावर असतं. कुणी कडक, कुणी सौम्य. त्या फरकाचा उपयोग करून २०२३ साली तिघा संशोधकांनी दाखवलं की ज्यांच्यावर खटला न चालवता सोडून दिलं, त्यांच्यावर पुढच्या दोन वर्षांत नवी फिर्याद दाखल होण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी कमी झाली. पहिल्यांदाच सापडलेल्यांच्या बाबतीत हा परिणाम सर्वात मोठा होता. गुन्हेगार अशी नोंद एकदा नावापुढे लागली की नोकरीचं दार अर्धं मिटतं.

मग तुरुंग निरुपयोगी? तसंही नाही. नॉर्वेत हीच पद्धत वापरून केलेल्या अभ्यासात (२०२०) तुरुंगवासाने पुढचे गुन्हे कमी झाले. ते कमी झाले प्रामुख्याने अशा लोकांत, ज्यांना आधी काम नव्हतं. आत असताना आणि बाहेर आल्यावर ते रोजगाराच्या प्रशिक्षणाला लागले, पुढे कमावू लागले. ज्यांना आधी नोकरी होती त्यांची मात्र ती गेली. तुरुंग म्हणून एकच वस्तू जगात नाही. आत काय मिळतं यावर सारं आहे.

(दृश्य: लायबेरिया, मन्रोव्हिया. समुद्राकडे जाणारा रस्ता, हातगाड्या, गर्दी.)

शेवटचा प्रयोग लायबेरियाच्या राजधानीतला. यादवी युद्ध २००३ साली संपलं होतं. चोऱ्या करणारे, अमली पदार्थ विकणारे, रस्त्यावर झोपणारे ९९९ तरुण यात घेतले. काहींनी युद्धात बंदूक चालवलेली. चिठ्ठ्या काढून त्यांचे चार गट केले. एका गटाला आठ आठवड्यांचं मानसोपचाराचं शिक्षण, एकाला २०० डॉलर, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. शिकवणाऱ्यांत एके काळी स्वतः त्याच रस्त्यावर राहिलेले लोक होते.

शिकवलं काय? राग आला की थांबायचं कसं. केस कापायचे, स्वच्छ कपडे घालायचे. आणि गृहपाठ म्हणून बँकेत जायचं, दुकानात जायचं, तिथल्या माणसाशी नीट बोलायचं. आपल्याला हाकलून देतील या भीतीने जिथे पाय ठेवला नव्हता, तिथे.

नुसत्या पैशाचा परिणाम लवकर विरला. नुसत्या शिकवणीचा कमी आणि ठिसूळ राहिला. दोन्ही मिळालेल्यांचा टिकला. हातात थोडं भांडवल असल्यामुळे काही महिने तरी त्यांना नवा माणूस होण्याचा सराव करता आला असावा, असं संशोधकांना वाटतं. दहा वर्षांनी त्या तरुणांना पुन्हा शोधलं. काही मरण पावले होते. जे सापडले, त्यांच्यात दोन्ही मिळालेल्या गटात चोऱ्या आणि अमली पदार्थांची विक्री, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आलेली होती. आणि सगळ्यात जास्त फरक पडला होता तो सुरुवातीला सर्वात धोकादायक ठरवलेल्या तरुणांत.

(दृश्य: केशकर्तनालय. आरशात एक तरुण. कातरीचा आवाज. दृश्य हळूहळू मावळतं.)