कोलेस्टेरॉलची गोळी नेमकं करते काय?

नमस्कार मंडळी! ही बघा, बाबांची स्ट्रिप. (स्ट्रिप कॅमेऱ्याजवळ धरून) अ‍ॅटोर्वास्टॅटिन, १० मिलिग्रॅम. चार गोळ्या तशाच पडून आहेत. विचारलं तर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता कशाला?"

बाबांना वाटतं, तुंबलेल्या मोरीत पावडर टाकावी तशी ही गोळी. मोरी मोकळी झाली, काम संपलं. पण ही गोळी रक्तातल्या चरबीला हातसुद्धा लावत नाही. तिचं काम चालतं यकृतात.

कोलेस्टेरॉल फक्त तुपातून येत नाही, यकृत ते स्वतः बनवतं. त्यासाठी एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम लागतं आणि स्टॅटिन, म्हणजे बाबांच्या गोळीच्या गटातलं औषध, त्यालाच अडवतं. घरचा माल कमी पडला की यकृत काय करणार? बाहेरून उचलणार! यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, पकडणारे रिसेप्टर वाढतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढलं जातं. रिपोर्टमधला आकडा उतरतो तो असा. गोळी थांबवा, कारखाना परत सुरू, आणि काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर. म्हणजे बाबांचा रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणून!

आणि या गटातलं पहिलं औषध सापडलं कशात? बुरशीत! जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या. १९७३ मध्ये क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळसर हिरवी बुरशी कामी आली. आपण असा तांदूळ नाक मुरडून फेकून देतो.

आता एक गंमत. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला, तरी एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. त्यामुळे कधीकधी डॉक्टर जोडीला एझेटिमाइब देतात. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाण्याला अटकाव करतं. दर दोन आठवड्यांनी घ्यायची, पीसीएसके९ या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनंही आहेत, पण महाग.

स्नायू दुखायला लागले, लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना सांगा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर तेही आधीच सांगा.

गोळी रात्रीच घ्यायची का? सिम्वास्टॅटिन शरीरात फार वेळ टिकत नाही, म्हणून ते रात्री. अ‍ॅटोर्वास्टॅटिन बराच वेळ टिकतं, कधीही चालतं, फक्त वेळ रोज तीच ठेवा. बाबा रात्री टीव्हीसमोरच झोपी जातात. डॉक्टरांना विचारून आम्ही ती सकाळच्या चहाला लावली. स्ट्रिप आता साखरेच्या डब्यावर असते.